विक्रीची नोकरी आणि आपला उमेदवार
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



‘पदवीनंतर काय?’ हा मला दिलेला विषय फार मोठा आहे. त्यातली एकच नोकरी मी घेतो, ती विक्री प्रतिनिधीची. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणा, साबण-बिस्किटांच्या कंपनीचा म्हणा. साध्या पदवीधराला या खात्यात अजून प्रवेश मिळतो, आणि आपल्या घरांत मान कमी आहे तो याच कामाला. “एवढे शिकून दारोदार फिरणार?” असे वडील विचारतात. रसूलुल्लाह (स.) हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामपर्यंत गेले होते, हे त्याच घरात मुलाला लहानपणी शिकवलेले असते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला कंपनी काढली, याचाही आपण अभिमान बाळगतो. पण कारखान्यात तयार झालेले औषध डॉक्टरांना माहीत करून देणारा कोणीतरी लागतोच ना?

आता मुलाखतीकडे वळू. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांची पदवी सारखी, अर्जाचा नमुनाही एकाच झेरॉक्सच्या दुकानातला. “विक्रीतच का यायचे आहे?” या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर एकच: “मला लोकांशी बोलायला आवडते.” विचारणाऱ्याने ते सकाळपासून अनेकदा ऐकलेले असते. त्याला हवा असतो पुरावा.

तो पुरावा बाजारात मिळतो. मुलाखतीपूर्वी दोन दिवस मोकळे ठेवा आणि आपल्या गावातली दहा दुकाने फिरा. समजा, बिस्किटांच्या कंपनीत जायचे आहे. दुकानदाराला अदबीने विचारा: या कंपनीचा माल वेळेवर येतो का? मुदत संपलेला माल परत घेतात का? शेजारच्या कंपनीचे पाकीट पुढे आणि यांचे मागे का ठेवले? उत्तरे वहीत लिहा. मुलाखतीत, “मी चिपळूणची दहा दुकाने पाहिली; सहा जणांची तक्रार मुदतबाह्य मालाची आहे,” असे सांगणारा उमेदवार साहेबांच्या लक्षात राहील. मात्र ते खरे असले पाहिजे. पुढचा प्रश्न ‘कोणती दुकाने?’ हाच येणार.

औषधांचे थोडे निराळे आहे. तिथे प्रतिनिधी डॉक्टरांना भेटतो, डॉक्टर चिठ्ठी लिहितात, माल घाऊक विक्रेत्याकडून औषधाच्या दुकानात जातो. ही साखळी समजून घ्या. डॉक्टर एक-दोन मिनिटेच देतात, म्हणून एका औषधाबद्दल दोन मिनिटांत बोलण्याचा सराव घरी मोठ्याने करा. दुचाकीचा परवाना आधीच काढून ठेवा. मुलींनाही हेच सांगतो.

“हे पेन मला विका,” असे काही साहेब अजूनही म्हणतात. आपला मुलगा लगेच पेनाचे गुण गाऊ लागतो. त्याने आधी विचारावे, “साहेब, आपण रोज किती लिहिता? सह्याच जास्त असतात का?” गिऱ्हाइकाची गरज कळल्याशिवाय बोलायचे काय?

“सर, अनुभव कुठून आणायचा?” असे मुले विचारतात. या स्मरणिकेच्या जाहिराती कोणी मिळवल्या? तुम्हीच ना! किती दुकानांत गेलात, किती जणांनी नकार दिला, दुसऱ्या खेपेस किती जण तयार झाले, हे आकडे अर्जात लिहा. रमजानमध्ये खजुराची गाडी लावली असेल तर तेही लिहा. त्यात लाज कसली? भाषांच्या रकान्यातही आपली मुले ‘इंग्रजी, हिंदी’ लिहून थांबतात. घरी कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलणारा मुलगा खेडच्या दुकानदाराशीही बोलेल आणि मालेगावच्याही. हे भांडवल अर्जातून का गाळायचे?

काही पालक हळूच सांगतात, “नाव वाचूनच अर्ज बाजूला टाकतात.” असे होतच नाही, असे मी म्हणणार नाही. होते, आणि तो अन्याय आहे. त्यावर माझ्याकडे मंत्र नाही. एवढे मात्र दिसते की विक्रीत कामाचे माप आकड्यांत होते आणि आकडे मांडणाऱ्याला नाकारताना कारण शोधावे लागते. म्हणून वही सोडू नका.

धान्याच्या ढिगात आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे रसूलुल्लाह (स.) यांनी विक्रेत्याला विचारले होते. आपलेही एखादे वर्ष वाया गेले असेल तर ते विचारण्यापूर्वी सांगून टाका. औषध खात्यात तर २०२४ च्या नियमसंहितेने डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली आहे. ‘भेटी देऊन धंदा आणीन’ हे उत्तर आता हुशारीचे ठरत नाही.

निवड झाली की नेमणूकपत्र लेखी घ्या. औषध प्रतिनिधींना हा हक्क १९७६ च्या कायद्याने मिळाला. पगार, दैनिक भत्ता, प्रवासखर्च, मुख्यालयाचे गाव, एवढे त्यात पाहाच. नोकरीसाठी आधी अनामत मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दुपारच्या नमाजनंतर मी वाचनालयात बसणार आहे. ज्यांनी अर्ज लिहून आणले असतील त्यांनी ते घेऊन यावे, वडिलांनाही बरोबर आणावे.