वक्र कुणाच्या इमारतीचा?

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

नाशिकजवळच्या एकलहऱ्यात विजेबद्दल बोलायचं तर आधी औष्णिक वीज केंद्राच्या त्या चिमण्यांकडे बघावं लागतं. 1979 ते 1981 या काळात इथे 210 मेगावॉटचे तीन संच आले. त्यांचा भार किती ठेवायचा हे राज्य भार प्रेषण केंद्राच्या सूचनेवर ठरतं, आणि त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडलेले असतात. पण सूचना देणारा तरी कशावरून ठरवतो? शालिमारच्या दुकानात दिवे कधी लागतात, कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात एसी कधी सुरू होतो, त्यावरून. विजेच्या मागणीच्या त्या रोजच्या चढउताराला आपण भारवक्र म्हणतो.

तुमच्यापैकी बरेच जण इमारतींचं ऊर्जा-मॉडेल बनवतील. मालक तुमच्या हातात वर्षाची बिलं देईल, म्हणजे 12 आकडे. मॉडेलला हवेत 8,760, दर तासाला एक. मधली पोकळी भरायला तुम्ही संदर्भ-वक्र, म्हणजे तशा प्रकारच्या इमारतीचा तयार भारवक्र, उचलाल. उचला, त्यात गैर काही नाही. मात्र तो कुठून आला हे आधी विचारा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 16 प्रकारच्या संदर्भ-इमारती तयार केल्या आणि 16 शहरांच्या हवामानात त्यांचा वापर काढला. जगभर वापरले जाणारे ते वक्र कुठल्या मीटरवर मोजलेले नाहीत. संगणकावर मांडलेल्या नमुना इमारतींचं ते गणित आहे. फीनिक्स किंवा ह्यूस्टनचा वक्र घेतलात तर उन्हाळ्याचं शिखर जुलै-ऑगस्टात येईल. आपल्याकडे त्या वेळी पाऊस असतो आणि एसी कधीच विसावलेले असतात. आपलं शिखर एप्रिल-मेचं.

माझी एक चूक सांगतो. नाशिकमधली एक तीन मजली इमारत होती. खाली दुकानं, मधे दवाखाने, वर क्लासेस. छतावर सौर पॅनेल किती बसवायची, असा प्रश्न होता. त्याच संदर्भ-इमारतींच्या यादीत 'मध्यम ऑफिस' असा प्रकार दिसला, मी तोच घेतला आणि वर्षाची युनिटं बिलाशी जुळेपर्यंत सगळा वक्र एका पटीने गुणला. बेरीज तंतोतंत जुळली आणि मी निर्धास्त झालो. पण गुणाकाराने उंची बदलते, आकार तोच राहतो. माझ्या मॉडेलमध्ये शिखर दुपारी तीनला होतं. प्रत्यक्षात ते संध्याकाळी साडेसातला यायचं. तेव्हा क्लासेस भरलेले, दवाखान्यांत रांगा आणि दुकानांचे सगळे दिवे लागलेले. दुपारची सौर वीज ग्रिडकडे जायची आणि संध्याकाळची महाग वीज मालक विकत घ्यायचा. त्याचा हिशेब माझ्या आकड्यांमुळे चुकला, ही बोच अजून आहे. आठवडाभर मीटरची नोंद घेतली असती, निदान रात्री आठ वाजता तिथे जाऊन उभा राहिलो असतो, तरी कळलं असतं.

वक्र शिळाही होतो. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. त्याआधी मोजलेला एखाद्या सरकारी इमारतीचा वक्र आज वापरलात, तर कुलूपबंद शनिवारी तुमच्या मॉडेलमधले पंखे फिरत राहतील. आणि पंचवटीतल्या लॉजचं काय? तिथे भार वाढतो तो तिथी आणि पर्वणी पाहून. दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला, सिंहस्थ बारा वर्षांनी. असं पंचांग परदेशी फाइलीत कुठून असणार?

जर्मनीत 1999 साली वीज कंपन्यांच्या संघटनेने जे प्रमाण-वक्र ठरवले, त्यांत बेकरीचा वक्र वेगळा आहे, कारण भट्टी पहाटेच्या आधी पेटते. मला हे फार मोलाचं वाटतं. कुणीतरी त्या बेकरीवाल्याच्या दिवसाची दखल घेतली. द्राक्षाच्या हंगामातल्या पिंपळगावच्या शीतगृहाची, मेन रोडवरच्या सराफी पेढीची, एखाद्या मंगल कार्यालयाची अशी दखल तुमच्याशिवाय कोण घेणार? स्मार्ट मीटर आता दर काही मिनिटांची नोंद ठेवतो. माहिती साठते आहे. ती मागणारा, तपासणारा आणि नीट मांडणारा माणूस हवा आहे.

म्हणून माझी एकच मागणी आहे. नोकरीतली पहिली इमारत हाती येईल, तेव्हा मालकाची परवानगी घेऊन तिचा वर्षभराचा खरा वक्र काढा. इमारतीत काय चालतं, ती किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, ते सोबत लिहा. मालकाचं नाव वगळा आणि ती फाइल या महाविद्यालयात आणून द्या. पुढच्या वर्षी याच खुर्च्यांवर बसणाऱ्या मुलांना ती लागणार आहे.