बोर्डीच्या अंगणात आपलं स्वागत
(बालशिक्षण अधिवेशनातील स्वागताध्यक्षीय भाषण)

आदरणीय अधिवेशनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले बालवाडीचालक, विशेष शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ताई, आपल्या लेकरांना घेऊन आलेले आईवडील आणि माझ्या बोर्डीकरांनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो. मी शिक्षणातला माणूस नाही, चिकूचा बागायतदार आहे. तरी हे पद माझ्या गळ्यात पडलं, कारण समितीच्या बैठकीला त्या दिवशी मी थोडा उशिरा पोहोचलो.

पाहुणे गावात आले की गावाबद्दल बोलावंच लागतं. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला सुरूची बनं, मागे चिकूच्या वाड्या आणि त्यापलीकडे वारल्यांचे पाडे, असं हे आमचं गाव. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. घोलवड म्हणजे आमचंच, बोर्डीकरांनी फक्त स्टेशन त्यांना दिलंय! जवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत पारशी बांधवांनी संकटकाळी आपला पवित्र अग्नी जपला. वारली चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे याच तालुक्यातल्या गंजाडचे. आणि आचार्य भिसे, चित्रे गुरुजी यांच्यासारखे शिक्षक लाभल्यामुळे या छोट्या गावाकडे दूरदूरची मुलं शिकायला येत. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. नाहीतर भिसे-चित्रे या जोडीवरच मी तासभर घेतला असता.

पण आज एका नावापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ताराबाई मोडक आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १९४५ साली त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षाच्या आत वैधव्य वाट्याला आलेली ही बाई पुढे शिक्षिका झाली आणि ताराबाईंचा उजवा हात बनली. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, ते अनुताईंनी अखेरपर्यंत सांभाळलं. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलांना अनुताई कोण म्हणून विचारा, निम्मी गप्प बसतील. म्हणून हे भाषण थोडं लांबलं तर तो दोष अनुताईंच्या खात्यावर टाका.

या दोघींनी केलं काय? पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायचं, कुणी गुरांमागे जायचं. मग बालवाडीच पाड्यावर गेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग शिंपले, चिंचोके, पानं, खडे घेऊन मोजणी आणि खेळ सुरू. गुराख्यांसाठी कुरणात भरायची ती कुरणशाळा. मुलाने संस्थेच्या सोयीने यायचं नाही, संस्थेने मुलाच्या सोयीने जायचं, हा धडा आमच्या मातीतला आहे.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे सहा वर्षांखालच्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाकडे येतो. त्यातलं मला कळतं ते थोडं. तरी एक अभिमानाची गोष्ट सांगतो. मुलांमधले जन्मजात दोष आणि विकासातला उशीर वेळेत ओळखणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला, तो आमच्या पालघरहून. त्या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. पण तपासणीत सापडलेल्या मुलाचं पुढे काय? जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं तर आईची मजुरी बुडते, भाडं खिशातून जातं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, पण त्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांसाठी. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. पण ते खातं शिक्षणाचं, आणि अंगणवाडी महिला व बालविकासची. तीन वर्षांचं पोर दोन खात्यांच्या मधल्या बांधावर उभं राहतं.

बाहेरच्या प्रदर्शनात एक लाकडी खुर्ची ठेवली आहे, ती जरूर बघा. मान आणि पाठ धरता न येणाऱ्या मुलासाठी काटकोनी पाठीची, पुढे खेळण्याचा पाट असलेली. चिकूच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून आमच्या गावच्या सुताराने ती बनवली. कडा इतक्या घासल्यात की हात फिरवलात तर कुसळ लागणार नाही. लाकूड माझं, मजुरी त्याने घेतली नाही. पण अशी खुर्ची सरकारी पैशातून करायची म्हटलं की कुठल्या लेखाशीर्षात बसवायची, इथे गाडी अडते. खोलीच्या बांधकामाला शीर्ष सापडतं. खुर्चीला, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या विशेष शिक्षकाला, आईच्या प्रवासभाड्याला सापडत नाही.

आम्ही चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतो. पहिली वर्षं जपणूक कमी पडली तर पुढे कितीही खत घाला, झाड रडतंच. म्हणून बागायतदाराच्या अडाणी बुद्धीने एकच सुचवतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ती रक्कम वर्षअखेरीस वाटून टाकली जाते. त्यातला ठरावीक वाटा सहा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांच्याच अंगणवाडीत खर्च व्हावा, असा ठराव या अधिवेशनाने करावा. ताराबाई-अनुताईंनी शाळा अंगणात नेली, तसा पैसाही अंगणापर्यंत जाऊ दे.

आता क्षमायाचना, आणि ती मोठी आहे. मंडपाचा उतार काल चाकाच्या खुर्चीला चढ झाला होता. सुतारमंडळींनी रात्रीतून तो पुन्हा केला. वसतिगृहात पाण्याला दाब नाही, त्यामुळे सकाळी बादल्या लागतील. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो बोलतो फार. जेवणात तिखट जास्त वाटलं तर सांगा, लहान मुलांसाठी मऊ भात आणि वरण वेगळं ठेवलं आहे. मुलांना गोंगाट सहन झाला नाही तर मंडपामागची खोली शांत ठेवली आहे. कृपा करून तिथे मोबाईलवर बोलू नका.

आभार मानायचे तर यादी संपणार नाही. वाड्यांतून चिकू पाठवणारे बागायतदार, तांदूळ देणारे पाड्यांवरचे शेतकरी, स्वयंपाकाचा भार उचललेल्या बचत गटांच्या बाया, घराची दारं उघडणारी पारशी-इराणी कुटुंबं, मासळी देणारे कोळी बांधव, बाकं देणारी शाळा, स्टेशनवरून पाहुणे विनामूल्य आणणारे रिक्षावाले, सर्वांचा मी ऋणी आहे. ज्यांनी नाव न घेण्याच्या अटीवर मोठी देणगी दिली, त्यांचं नाव घेण्याचा मोह मोठ्या कष्टाने आवरतो. ज्यांचा उल्लेख राहिला असेल त्यांनी भाषणानंतर माझा कान पकडावा.

दोन दिवस मोकळेपणाने बोला, भांडा, ठराव करा. दुपारच्या जेवणाआधी कोसबादच्या टेकडीवर जाणाऱ्यांनी आपली नावं कार्यालयात नोंदवावीत. बस दोनच आहेत, तेव्हा पहिल्या बसमध्ये चाकाच्या खुर्चीवाल्या मुलांना जागा द्यायची आहे. बाकीच्यांनी थोडा धीर धरावा.

पुन्हा एकदा स्वागत. जय हिंद, जय महाराष्ट्र!