मावशींचं म्हातारपण कोणाच्या हिशेबात?

संध्याकाळची वेळ आहे, भाकरीचं पीठ मळायला घेतलं असेल. हात चालू द्या आणि कान इकडे असू द्या. आज आम्ही पैशाचं बोलणार आहोत. मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या म्हातारपणाचा पैसा कोणी द्यायचा, त्याबद्दल.

आमचा महिला गट द्राक्षाच्या पट्ट्यातल्या दहा गावांत पाळणाघरं चालवतो. सकाळी आया छाटणीला, विरळणीला, काढणीला जातात आणि लेकरं आमच्याकडे राहतात. प्रत्येक पाळणाघरात एक ताई आणि एक मावशी. ताई गाणी-गोष्टी घेते, वजनं करते, वही लिहिते. मावशी खिचडी शिजवते, नाकं पुसते, रडणाऱ्याला खांद्यावर टाकून झोपवते. दहा पाळणाघरं, वीस बाया, दोनशे मुलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एक मावशी काम सोडून घरी बसल्या. अठरा वर्षं त्यांनी मुलं सांभाळली होती. आम्ही साडी दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला, दोन शब्द बोललो. पंधरा दिवसांनी त्याच मावशी एका बागेत रोजाने क्रेट उचलताना दिसल्या. वय साठ. आम्ही म्हणालो, "मावशी, आता आराम करायचा ना?" त्या म्हणाल्या, "तुमची साडी नेसून बसले, तर चूल पेटंल का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी आमचं दहावं पाळणाघर सुरू झालं आणि कामाच्या बायांची संख्या वीस झाली. वीस माणसं कामाला असली की भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा कायदा लागू होतो. कायदा १९५२ चा आहे. बाईच्या पगारातून १२ टक्के कापायचे आणि तेवढेच १२ टक्के काम देणाऱ्याने घालायचे. त्याशिवाय विम्याचा अर्धा टक्का आणि व्यवस्थापनाचा अर्धा टक्का. म्हणजे काम देणाऱ्यावर एकूण १३ टक्के. इथे काम देणारे म्हणजे आम्हीच!

बैठक बसली. खरं सांगतो, पहिला विचार चांगला नव्हता. कोणी म्हणालं, एक बाई कमी दाखवू, एकोणीसच ठेवू. कोणी म्हणालं, दोन मावशींना कागदावर स्वयंसेविका लिहू. तेव्हा मागे बसलेली एक मावशी उभी राहिली. ती म्हणाली, "पोरांचे लंगोट धुवायला मी कामाची बाई, आन् पुस्तकात नाव घालायची येळ आली की स्वयंसेविका व्हय?" त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. ताईंना महिन्याला ६,००० रुपये, मावशींना ४,०००. ही रक्कम थोडी आहे, हे आम्हालाही कळतं. वीस जणींचे मिळून एक लाख होतात. त्याचे १३ टक्के म्हणजे महिन्याला १३,००० रुपये. वर्षाला १,५६,०००. आकडा ऐकून छातीत धस्स झालं. पण एकीने तो आकडा दोनशे मुलांत वाटून दाखवला. मुलामागे महिन्याला ६५ रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर दिवसाला अडीच रुपये. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडाही त्यात येत नाही.

या अडीच रुपयांत बाईला काय मिळतं? आमच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि बाकीचे तिच्या पीएफमध्ये जमा होतात. नोकरीची दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शन. ६,००० पगारावर चौदा वर्षं भरली, तर महिन्याला १,२०० रुपये. २०१४ पासून अशी पेन्शन किमान १,००० रुपये ठरलेली आहे. फार नाही. पण मीठ-मिरची, औषधाची गोळी, एसटीचं तिकीट, यासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही.

आता अडचण कुठे आली, ते ऐका. पाळणाघराला सरकारी अनुदान येतं. त्यात मानधनाचा रकाना आहे, आहाराचा आहे, खेळण्यांचा आहे. काम देणाऱ्याच्या पीएफचा रकानाच नाही! आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, "हे मानधन आहे, पगार नाही. त्यावर पीएफ कशाला?" दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, "काम करून घेता ना? मग भरावंच लागेल." दोन्ही खुर्च्या सरकारच्याच. भरा म्हणणारा पैसे देत नाही आणि पैसे देणारा भरू नका म्हणतो. मध्ये आम्ही.

मानधन आणि पगार यांतला हा खेळ अंगणवाडीच्या बायांनी फार वर्षं सोसला आहे. २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे. मानधन हे त्या कायद्यात वेतनच धरायचं, असं कोर्टाने म्हटलं. हा निकाल ग्रॅच्युइटीचा आहे, पीएफचा नाही. पण नाव मानधन ठेवल्याने काम बदलत नाही, एवढं त्यातून आपण घेऊ शकतो.

हा प्रश्न एकट्या आपल्या मुलखाचा नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून शिक्षकांच्या पेन्शनमधला काम देणाऱ्याचा हिस्सा २३.६८ वरून २८.६८ टक्के झाला. तिथल्या सरकारने हा बोजा उचलायला शाळांना जादा अनुदान दिलं. पण तिथेही खासगी पाळणाघरांतल्या बहुतेक बाया त्या पेन्शन योजनेत नाहीतच. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. वाढीव हिस्सा भरा म्हणताना सरकारने सोबत पैसेही पाठवले.

आज आम्ही ते १३,००० कसे भरतो? पालकांनी मुलामागे २० रुपये वाढवून दिले, त्याचे ४,००० होतात. तीन ग्रामपंचायतींनी वर्षाला दहा-दहा हजार दिले, ते महिन्याला २,५०० पडतात. म्हणजे निम्मे झाले. उरलेले साडेसहा हजार गटाच्या मसाला विक्रीतून जातात. मिरची महागली, की आमच्या पोटात गोळा येतो. एका हंगामात विक्री बसली, तर एखादं पाळणाघर बंद करावं लागेल. मग ती वीस लेकरं बांधावर झोळीत येतील.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. मुलं सांभाळण्याचा खर्च मोजताना सांभाळणारीचं म्हातारपणही त्यात मोजा. अनुदानाच्या कागदात पीएफचा रकाना घाला.

तुम्ही काय करू शकता, ते तीन गोष्टींत सांगतो. गटाने पाळणाघराचं, बालवाडीचं अंदाजपत्रक केलं, तर काम देणाऱ्याचा हिस्सा वेगळ्या ओळीत लिहा. अनुदान देणारा खोडेल, तर खोडू दे. पण लिहिलंच नाही, तर त्याला दिसणार कसं? दुसरं, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारा आणि पाळणाघरासाठी मागा. तिसरं, ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांनी पासबुक बघत राहा. काम बदललं, तर खातं नव्या ठिकाणी वळवून घ्या. पैसे काढून घेतलेत, तर पेन्शनची वर्षं तुटतात.

त्या मावशी अजून बागेत रोजाने जातात. आमचा पीएफ सुरू झाला, तेव्हा त्यांची वेळ निघून गेली होती. ते आम्हाला लागलेलं आहे. त्यांच्या जागी आलेल्या मावशींची मात्र आता तीन वर्षं भरली. अजून सात भरायची आहेत. ती सात वर्षं पाळणाघर चालू राहिलं पाहिजे.

नमस्कार. पुढच्या बुधवारी भेटू.