फोटोची मागची बाजू

(कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं छंदावर चार शब्द बोला, असं समितीनं सांगितलं. माझा छंद जरा वेगळा आहे. मी रस्त्याच्या कामांचे जुने काळे-पांढरे फोटो जमवतो. रद्दीवाले, बंद पडलेले फोटो स्टुडिओ, निवृत्त ओव्हरसियरांच्या घरचे अल्बम, अशा ठिकाणी ते सापडतात.

जून 2022 मध्ये आपला अमरावती-अकोला रस्ता जगभर गाजला. 3 तारखेला सकाळी सुरू झालेलं डांबरीकरण 7 तारखेच्या संध्याकाळी थांबलं. 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची सलग एक लेन! गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता. या कामाचे रंगीत फोटो, व्हिडिओ भरपूर आहेत.

जुन्या फोटोंत यंत्र म्हणजे फक्त रोलर. बाकी सगळी माणसं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर खाली दगड, वर गिट्टी, मग मुरूम, पाणी आणि रोलर. ती गिट्टी हातोडीनं फोडायची अन् टोपल्यानं डोक्यावरून वाहायची.

फोटोवर तारीख क्वचितच असते. ती शोधण्यातच मजा! रोलरला धुराडं असलं तर तो वाफेवरचा. कडेच्या दगडावर मैल असले, तर मेट्रिक मापं रुळण्याआधीचा काळ. पाटीवर ‘मध्य प्रदेश’ असलं तर नोव्हेंबर 1956 च्या आधीचं, ‘मुंबई राज्य’ असलं तर 1 मे 1960 च्या आधीचं काम. वऱ्हाड जागेवरच होतं, पत्ता तेवढा बदलत गेला.

पण फोटो उलटा केला की वाईट वाटतं. मागं साहेबांचं नाव, हुद्दा लिहिलेला असतो. टोपलं घेतलेल्या बाया, मुकादम, रोलरचा ड्रायव्हर यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

मागच्या दिवाळीत 1972 च्या दुष्काळी कामाचा एक फोटो मी आपल्याच सोसायटीतल्या एका आजींना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “हे काम म्या बी केलं. बोटं फुटत, पन घरात जवारी ये.” शेजारी त्यांचा नातू बसला होता. त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्या संध्याकाळी आजींनी फोटोतल्या दोघींची नावं सांगितली. माझ्या सगळ्या संग्रहात नाव लागलेल्या मजूर बाया त्या दोघीच.

म्हणून एक विनंती. या सुट्टीत घरचे अल्बम काढा, आजी-आजोबांना शेजारी बसवा. प्रत्येक फोटोतलं कोण, कुठलं, ते विचारा. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढं उमटतो. लॅमिनेशनही नको. मोबाइलवर फोटो काढाल तर दोन्ही बाजूंचा काढा.

आणि 25 वर्षांपूर्वी आपल्या गेटपासूनचा रस्ता झाला, त्याचे फोटो कुणाकडे असतील तर तेही आणा. ते काम करणाऱ्यांना ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना आत्ताच विचारू या.