सूटरसाहेबाची तलवार

मुंबईत आग्रीपाड्याला सूटर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. हा सूटर कोण, असे विचारणारा विरळाच. फ्रँक सूटर म्हणजे मुंबईचा पहिला पोलीस कमिशनर. १८६४ ते १८८८, चोवीस वर्षे तो या पदावर होता.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातला असा एखादा पोलीस अधिकारी आज शोधायचा, तर संग्राहक आधी पदकांकडे धावतात, आणि तिथेच पहिली ठेच लागते. हिंदुस्थानातल्या पोलिसांसाठी शौर्याचे वेगळे पदक तेव्हा नव्हतेच. किंग्ज पोलीस मेडल निघाले ते १९०९ साली, राणी गेल्यावर. त्याआधी बक्षीस म्हणजे तलवार, किताब किंवा रोख रक्कम. १८५७ च्या लढायांचे पदक मिळालेला माणूस मात्र सापडू शकतो. भिंग घेऊन त्या पदकाची कड फिरवली की नाव आणि पलटण कोरलेली दिसते. राणीचा मुखवटा सगळ्यांवर सारखाच, ओळख पटते ती कडेवर. 'स्टार ऑफ इंडिया'सारख्या मानाच्या बिल्ल्यांवर सहसा नावही नसते. तिथे कागदच उघडावे लागतात.

सूटरचे कागद त्याच्या बापापासून सुरू होतात. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारी ४४ वी पलटण गंदमक इथे कापली गेली. तेव्हा कॅप्टन सूटर याने पलटणीचे निशाण अंगाभोवती गुंडाळले होते. ते भरजरी कापड पाहून हा कोणी मोठा असामी असावा, असे अफगाणांना वाटले आणि त्यांनी त्याला जिवंत ठेवले, असे सांगतात. त्याचा मुलगा फ्रँक १८५४ साली धारवाडला पोलीस सुपरिंटेंडेंट झाला.

पुढचे पान नरगुंदचे. १८५८ च्या मे अखेरीस नरगुंदकर भावे संस्थानिकांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला ठार केले आणि त्याचे शिर वेशीवर टांगले. काही दिवसांतच सूटरने संस्थानिक बाबासाहेबांना पकडले. १२ जूनला बेळगावला त्यांना फाशी झाली आणि सूटरला सन्मानाची तलवार मिळाली. तलवारीच्या नोंदीत एवढेच येते. ज्यांना पकडले त्यांची बाजू मात्र दुसऱ्याच दप्तरात सापडते.

नाशिक-नगरच्या डोंगरांत हे अधिक ठळक दिसते. भिल्लांचा पुढारी भागोजी नाईक हा मुळात नगरच्या पोलिसांतलाच अंमलदार. १८५५ साली दंग्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली आणि सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ त्याच्या लोकांशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. त्याच्या जागी सूटर आला. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरकडच्या मिठसागरला भागोजीला गाठले आणि तो तिथेच पडला. ही हकीकत सरकारनेच छापलेल्या १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहे. एकेकाळचा पोलीस पोलिसांशी लढून मेला, हे बिल्ल्यावर कुठे कोरणार?

मुंबईतल्या नोकरीत सूटरला १८६८ साली 'स्टार ऑफ इंडिया'चा सी. एस. आय. आणि १८७५ साली 'सर' हे मान मिळाले. नुसती ही यादी वाचली तर चढती कमान दिसते. पण फेब्रुवारी १८७४ मध्ये शहरात पारशी-मुसलमान दंगल झाली, तेव्हा पोलीस वेळेवर धावले नाहीत अशी पारशांची तक्रार होती. त्याच्या पुढच्याच वर्षी 'सर' ही पदवी मिळाली! सरकारदरबारी मान आणि गाऱ्हाणी यांची खाती वेगळी असावीत.

आणि बडोदे? नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर याच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. तपासाला सूटर गेला. बरोबर मुंबईचे गुप्त पोलीस अकबर अली आणि अब्दुल अली. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याचा जुना पट्टा आता दुसऱ्याच शिपायाच्या कमरेला होता. त्या पट्ट्यात अकबर अलींना सोमलाची पुडी सापडली. आळ आला होता बडोद्याच्या महाराजांवर, म्हणजे मल्हारराव गायकवाडांवर. त्यांच्यातर्फे विलायतेहून आलेले वकील बॅलंटाइन यांनी या पुडीवरूनच पोलिसांना धारेवर धरले. पुडी आधी होती की नंतर ठेवली गेली, हा त्यांचा रोख. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे सहा सभासद तीन-तीन असे फुटले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी तसे मानले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि पुढे नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर आला. या चौकशीतल्या साक्षी छापलेल्या आहेत. सूटरला समजून घ्यायचे तर त्याच्या सगळ्या मानचिन्हांपेक्षा त्यातली उलटतपासणीची पाने अधिक कामाची.

१८८८ साली निवृत्तीनंतर काही महिन्यांतच तो निलगिरीत वारला. त्याच्या कारकिर्दीचा आटोपशीर आढावा पुढे एस. एम. एडवर्ड्स यांनी १९२३ च्या आपल्या मुंबई पोलिसांवरच्या पुस्तकात घेतला. एडवर्ड्स स्वतः पोलीस कमिशनर होते, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. आपल्या खात्याबद्दल लिहिताना कोणाचाही हात जरा मऊच पडतो.

साहेबाचा जन्म, लग्न, मृत्यू शोधायचे तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या चर्चच्या नोंदवह्या आहेत. नेमणुका आणि बदल्या सरकारी गॅझेटात मिळतात. पण कळंब, निर्मळ, अर्नाळा या पट्ट्यातल्या एखाद्या घराला आपला शिपाई असलेला खापरपणजोबा शोधायचा असेल, तर गॅझेट फारसे उपयोगाचे नाही. त्याचा बक्कल नंबर तिथे छापला जात नसे. तेव्हा हा भाग वसई तालुका, ठाणे जिल्हा. पालघर वेगळा झाला तो २०१४ च्या ऑगस्टात. म्हणून मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात ठाण्याचेच कागद मागावे लागतात, तेही पोलिसांच्या नव्हे, तर न्याय खात्याच्या बाडांतून, कारण पोलिसांचा कारभार त्या खात्याकडे होता. गावाची आणि माणसाची इंग्रजी नावे कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी लिहिलेली असतात. तीन-चार तऱ्हांनी नाव लिहून नेलेले बरे, आणि नोकरीचे साल अंदाजे तरी ठाऊक हवे. घरी पेन्शनचा कागद असेल तर तो आधी न्यावा.