लोहाचा कण आणि मर रोग
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे. शास्त्रज्ञांचे म्हणणे तुमच्यापर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. हरभऱ्याचे हिरवे झाड एकाएकी माना टाकते आणि बुंधा उभा चिरला असता आत तपकिरी रेघ दिसते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. हा मर रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. तिचे जाड कवचाचे बीजाणू शेतात हरभरा नसतानाही सहा वर्षांपर्यंत टिकून राहतात. तेव्हा प्रश्न असा, की हे बीजाणू रुजूच नयेत यासाठी काय करता येईल? या प्रश्नाच्या उत्तरात लोहाचा मोठा वाटा आहे.

श्वसनासाठी व वाढीसाठी बुरशीला लोह लागतेच. जमिनीत लोह विपुल असते. परंतु चुनखडीच्या जमिनीत ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून बुरशी लोह धरून आणणारे द्रव्य स्वतः तयार करते. त्यास ‘सिडेरोफोर’, म्हणजे लोहवाहक, असे नाव आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ नीलँड्स यांनी १९५२ मध्ये काणीच्या एका बुरशीतून असे पहिले द्रव्य वेगळे केले. पुढे न्यूरोस्पोरा या बुरशीच्या बीजाणूतून लोहवाहक निघून गेल्यास तो नीट रुजत नाही, असे १९७६ मध्ये स्पष्ट झाले. आई लेकीला शिदोरी बांधून देते, तशी बुरशी बीजाणूबरोबर लोहाची तरतूद करून ठेवते! आणखी एका बुरशीत पेशीतील लोहवाहक बंद पाडताच तिचे लैंगिक पुनरुत्पादनच थांबले, असे २००६ मध्ये आढळले.

बुरशीची ही गरज हेच तिचे मर्मस्थान होय. मुळांभोवती राहणारे स्युडोमोनास हे उपयुक्त जिवाणू अधिक प्रभावी लोहवाहक सोडतात व आसपासचे लोह आधीच बळकावतात. मग फ्युजेरियमची उपासमार होते व तिच्या बीजाणूंचे रुजणे मंदावते. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये जवसाच्या मर रोगावर याची प्रचीती घेतली. जमिनीत सहज मिळणारे लोह मिसळताच मात्र हे संरक्षण नाहीसे झाले.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पेरणीपूर्वी स्युडोमोनासची बीजप्रक्रिया पाकिटावरील मात्रेनुसार करावी आणि जमिनीला लोहयुक्त खत माती परीक्षणाशिवाय देऊ नये. बीजप्रक्रिया म्हणजे रामबाण उपाय नव्हे. मरप्रतिकारक वाण आणि पिकांची फेरपालट यांची जोड तिला हवीच. वाळलेले झाड पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून जे करावयाचे ते पेरणीपूर्वीच करावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.