खिडकीबाहेरचं नाक

पुणे, इंदूर, बडोदा, बेंगळुरू, तुम्ही जिथून कुठून ऐकत असाल, तिथल्या सिग्नलवर हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. शेजारी एक गाडी येऊन थांबते. मागची काच खाली असते आणि तिच्यातून कुत्र्याचं डोकं बाहेर आलेलं असतं. कान मागे, डोळे किलकिले, जीभ लोंबतेय. आपण हसतो आणि म्हणतो, "बघा, साहेब हवा खायला निघालेत!"

नोकरीच्या काळात लष्कराच्या श्वानपथकांचं काम मी जवळून पाहिलं आहे. त्या जोरावर सांगतो, साहेब हवा खात नाहीत. साहेब पेपर वाचतायत.

पटत नसेल तर आपल्या कुत्र्याच्या तोंडावर हलकेच फुंकर घालून बघा. बहुतेक कुत्री मान फिरवतात, काही तर चिडतात. मग तेच कुत्रं ताशी ४० किलोमीटरचा वारा तोंडावर आनंदाने का घेतं? कारण त्याला नुसता वारा नको असतो. त्या वाऱ्यावर जे वास येतात, ते हवे असतात.

आता नाकाचं गणित बघू. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात त्या जातीप्रमाणे १० कोटींपासून ३० कोटींपर्यंत असतात. शिवाय नाकाची रचनाच वेगळी. आत घेतलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसाकडे जातो आणि एक भाग फक्त वास ओळखण्यासाठी नाकाच्या मागच्या कप्प्यात वळतो. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून निघून जाते, त्यामुळे समोरून येणाऱ्या वासात ती फारशी मिसळत नाही. हुंगताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हवा ओढतं.

मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचं केंद्र आहे. आमची कुत्री तिथे शिकून तयार होतात. मैदानात शोधकाम सुरू करताना हँडलर आधी वारा कुठून येतोय ते बघतो. चिमूटभर माती सोडली तरी कळतं. मग तो कुत्र्याला वाऱ्याकडे तोंड करून कामाला लावतो. वास जिथून निघतो तिथून वाऱ्याबरोबर पसरत जातो, सुपासारखा, पुढे रुंद होत. कुत्रं डावीउजवीकडे फिरत त्या पट्ट्याची कड पकडतं आणि निमुळत्या टोकाकडे, म्हणजे उगमाकडे सरकतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत केंट नावाची आपली लॅब्राडोर अशीच अतिरेक्यांचा माग काढत जवानांच्या पुढे चालली होती. गोळीबारात हँडलरला वाचवताना ती कामी आली. सशस्त्र जवान एका नाकामागून चालतात, यावरून त्या नाकाची किंमत ओळखा.

आता गाडीत या. चालत्या गाडीत वारा कायम समोरून येतो. मैदानात हँडलर जी दिशा शोधून देतो, ती इथे आयती मिळते. शिवाय दर सेकंदाला पान उलटतं. वड्याचं तळण, ओली माती, शेळ्यांचा कळप, नाला, दुसऱ्या कुत्र्याने खांबावर ठेवलेली खूण. आपल्याला यातलं वडा तेवढं कळतं!

डोळ्यांचाही यात वाटा आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो, पण हलणारी वस्तू ते पटकन टिपतं. कर्नाटकातल्या मुधोळचं कुत्रं, ज्याला महाराष्ट्रात कारवानी म्हणतात, ते तर मुळात नजरेवर शिकार करणारं. ते खिडकीत बसेल तेव्हा रस्त्याकडेच्या प्रत्येक मांजरावर डोळा ठेवेल.

म्हणजे आनंद खरा आहे. पण धोकाही तितकाच खरा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. आपल्या रस्त्यांवर धूळ, खडी, किडे काय कमी आहेत? आमच्या कॉलनीतल्या एका लॅब्राडोरच्या डोळ्यात हायवेवर खडीचा कण गेला. बुबुळाला जखम झाली, महिनाभर औषधं चालली. डोळा राहिला, पण त्यातून त्याला आता अंधुकच दिसतं. मालक अतिशय प्रेमळ. "त्याला आवडतं हो," म्हणून काच खाली ठेवायचे. त्यात जोरात ब्रेक लागला, चिकटून बस गेली किंवा रस्त्यावर मांजर दिसून कुत्र्याने उडी घेतली, तर काय होईल ते मी सांगायला नको.

म्हणून फौजी पद्धतीने मोजक्या सूचना.

एक. काच चार बोटं उघडा. नाक बाहेर काढता येईल, डोकं जाणार नाही, एवढीच. वास तेवढ्यातूनही भरपूर येतो.

दोन. कुत्रा मागच्या सीटवर, अंगात हार्नेस, आणि हार्नेस सीटबेल्टला अडकवलेला. गळ्यातला पट्टा कधीही बांधू नका, झटका थेट मानेला बसतो.

तीन. काचेची बटणं लॉक करा. पंजा बटणावर पडला तर काच उघडते किंवा मान अडकते.

चार. पाच मिनिटांसाठीसुद्धा बंद गाडीत कुत्रं सोडून जाऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं. गाडी तापली की तेही पुरत नाही.

पाच, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी सावलीत थांबा. दार उघडण्याआधी दोरी लावा. मग त्याला दहा मिनिटं मनसोक्त हुंगू द्या.

रोजच्या फिरण्यातही आपण काय करतो? ते एका खांबापाशी थांबतं आणि आपण "चल चल" करत दोरी ओढतो. आपल्या हातातला पेपर कुणी असा ओढला तर चालेल का? खिडकीतून जे मिळवण्यासाठी ते धडपडतं, ते जमिनीवर फुकट आणि बिनधोक मिळतं. आपण फक्त थोडं थांबायचं असतं.

उद्या सकाळी फिरायला निघालात की पहिल्या खांबापाशी त्याला हवं तेवढं थांबू द्या, आणि ते काय काय वाचतं ते बघा. जय हिंद!